पुढच्या सोमवारी कोणाबरोबर?

मध्यंतरी रात्री उशिरा टेनिसच्या एका चॅलेंजर, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीवरच्या, स्पर्धेतला दुहेरीचा सामना मोबाइलवर बघत होतो. पहिल्याच फेरीचा, कडेच्या कुठल्या तरी कोर्टवरचा. अशा सामन्यांना बहुतेक वेळा समालोचक नसतो. कोर्टच्या एका टोकाला उंचावर लावलेला एकच कॅमेरा, आणि त्यातून येणारे आवाज: चेंडूचा टप्पा, बुटांची करकर, पंचांनी पुकारलेला स्कोअर, मधेच शेजारच्या कोर्टवरून आलेली आरोळी. प्रेक्षक बोटांवर मोजण्याइतके. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट घेतला होता आणि तिसऱ्या सेटऐवजी होणारा सुपर टायब्रेक अगदी शेवटाला आला होता. मॅच पॉइंट वाचवायला सर्व्हिसला उभ्या असलेल्या डावखुऱ्याची पहिली सर्व्हिस बाहेर गेली आणि दुसरी नेटमध्ये. डबल फॉल्ट, सामना खलास. त्याचा जोडीदार नेटजवळ वाकून उभा होता. पाठीमागे धरलेल्या हाताची खूण अजून तशीच होती. तो सरळ झाला, वळला, चार पावलं मागे आला आणि त्याने डावखुऱ्याच्या तळहातावर टाळी दिली. सामनाभर प्रत्येक पॉइंटनंतर देत होता तशीच. जोरही तेवढाच. मग दोघं नेटकडे गेले.

पुढच्या आठवड्याचा ड्रॉ लागला तेव्हा उत्सुकतेने उघडून पाहिला. दोघांचीही नावं होती. पण वेगवेगळ्या ओळींत, वेगवेगळ्या जोडीदारांच्या शेजारी. एवढंच. या पातळीवर असं दर आठवड्याला घडतं. पण यादीत नाव घालण्याची मुदत स्पर्धेच्या बरीच आधी संपते, म्हणजे तो सामना सुरू होण्यापूर्वीच आपण वेगळे होणार हे त्या दोघांना बहुधा ठाऊक होतं, हे लक्षात आलं आणि ती टाळी डोक्यातून जाईना. पुढच्या सोमवारी जो आपला नाही, त्याच्या डबल फॉल्टवर हात पुढे करायचा तो कशाच्या बळावर? सौजन्य म्हणून? सवय म्हणून? की त्या तासा-दीड तासापुरतं ते खरंच असतं?

मला वाटतं, ते खरंच असतं.

दुहेरीच्या खेळाडूची क्रमवारी त्याच्या एकट्याची असते, पण तिचा उपयोग त्याला एकट्याला करता येत नाही. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून. तू एकशे दहावा, मी एकशे चाळिसावा, बेरीज अडीचशे. मग अडीचशेवर या आठवड्यात कुठे जागा मिळते ते बघायचं. एटीपी ही पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना; तिच्या '२५०' नावाच्या पातळीच्या स्पर्धेत दुहेरीच्या सोळाच जोड्या, चॅलेंजरमध्येही सोळाच. त्यातल्या काही जागा वाइल्ड कार्डवाल्यांच्या, म्हणजे आयोजकांनी क्रमवारी न बघता आत घेतलेल्यांच्या. शिवाय प्रवेशासाठी एकेरीची क्रमवारीही चालते. म्हणजे एकेरीत पन्नासावा असलेला, दुहेरी वर्षातून मोजक्या वेळा खेळणारा खेळाडू मित्राला घेऊन यादीत नाव टाकतो आणि दुहेरीवरच पोट असलेली जोडी यादीच्या खाली घसरते. मग ती जोडी पर्यायी म्हणून थांबते. कोणी माघार घेतली, कोणाची पाठ धरली, कोणी एकेरीत पुढे गेल्यामुळे दुहेरी सोडली, तर यांना बोलावणं येतं. म्हणून बॅग भरून, बूट घालून, ग्रिप बदलून कोर्टच्या आसपास बसून राहायचं. कोणाच्या तरी दुखण्याकडे डोळे लावून बसायचं. इच्छा नसताना माणसाच्या मनात असला हिशेब सुरू होत असेल, तर त्याचा दोष मी त्या माणसाला देणार नाही.

या सगळ्यामुळे सराव, जिम, फिजिओ याच्या जोडीला रोजचं आणखी एक काम असतं: माणसं शोधणं. मुदत संपायच्या आधी संदेशांची जी धावपळ चालते तिच्याबद्दल खेळाडू मुलाखतींमधून मोकळेपणाने बोलतात. अमुक आठवड्यात मोकळा आहेस का? क्ले की हार्ड? ॲड कोर्ट, म्हणजे डावी बाजू, घेशील ना? तुझा क्रमांक काय चाललाय? आणि या प्रश्नांमागचा एक प्रश्न कोणी लिहून विचारत नाही: तुला माझ्यापेक्षा बरा मिळाला तर तू शेवटच्या क्षणी मला सोडशील का? उत्तर दोघांनाही माहीत असतं. बऱ्याचदा ते 'हो' असतं, आणि त्यात फारसं कोणी वाईट वाटून घेत नाही, कारण उद्या ही पाळी आपल्यावरही येणार. एकमेकांना सोडून गेलेली माणसं दोन महिन्यांनी पुन्हा त्याच ओळीत शेजारी दिसतात. रुसवा धरणं परवडत नाही.

गुणांचं गणितही जोडी टिकू देत नाही. दुहेरीत पहिल्या फेरीत हरलात की गुण शून्य. आणि मागच्या वर्षी याच आठवड्यात कुठे उपांत्य फेरी गाठली असेल, तर बावन्न आठवडे पूर्ण होताच ते गुणही गळतात. म्हणजे तुम्ही काही वाईट खेळला नाहीत, उलट सामना टायब्रेकपर्यंत नेलात, तरी सोमवारी सकाळी तुम्ही वीस जागा खाली असू शकता. आणि वीस जागा खाली म्हणजे पुढच्या बेरजेत वीसने जड. तुमच्याबरोबर खेळायला राजी होणाऱ्यांची यादी तेवढी आखूड होते. दोन-तीन आठवडे असे गेले की दोघांपैकी एकजण चाचपडत विचारतो, जरा बदल करून बघायचा का? वैर नसतं, भांडण नसतं. फक्त बेरीज जमत नसते.

त्यात सामन्याची रचनाच अशी की नशिबाला भरपूर वाव. २००५ साली एटीपीने दुहेरीचे सेट लहान करायचं आणि पुढे ड्रॉमध्ये एकेरीच्या खेळाडूंना झुकतं माप द्यायचं ठरवलं, तेव्हा अमेरिकेच्या बॉब आणि माइक या जुळ्या ब्रायन बंधूंसह दुहेरीतल्या बऱ्याच खेळाडूंनी टेक्सासमधल्या न्यायालयात दावा लावला होता. अखेर तडजोड झाली आणि आज दिसते ती पद्धत २००६ पासून रुळली: ४०-४० झाल्यावर ॲडव्हान्टेज नाही, एकच निर्णायक पॉइंट, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक. ग्रँड स्लॅममध्ये अजून पुरा सेट खेळतात, पण वर्षभराची रोजीरोटी या छोट्या पद्धतीवरच. टीव्हीच्या वेळापत्रकाला ती सोयीची आहे आणि प्रेक्षक म्हणून मलाही ती आवडते, हे कबूल करायला हवं. ४०-४० ला परतवणारी जोडी ठरवते की सर्व्हिस कोणी घ्यायची; दोघं एकमेकांकडे बघतात, एकजण मान हलवतो आणि पुढे होतो. त्या मान हलवण्यात किती काय असतं! पण ज्याचं पुढच्या महिन्याचं विमानाचं तिकीट या एका पॉइंटवर आहे, त्याच्या बाजूने पाहिलं की पोटात गोळा येतो. दोन जोड्यांमधला फरक थोडा असला की इतक्या आखूड सामन्यात तो दिसायला वेळच मिळत नाही.

तरी खेळ काय सुंदर आहे! एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. दोन्ही बाजूंच्या त्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या उघडल्या की सगळी भूमितीच बदलते. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटच्या उंचीखाली डोकं नेऊन मधल्या रेषेवर दबा धरून बसतो. हात पाठीमागे. मूठ, एक बोट, उघडा पंजा. प्रत्येक जोडीचा संकेत निराळा. सर्व्हिस कुठे पडणार आणि नंतर आपण डावीकडे झेपावणार की उजवीकडे, हे त्या बोटांत ठरतं. मागचा माणूस 'हां' म्हणतो आणि चेंडू वर टाकतो. आता पुढच्याला मागचं काही दिसत नाही. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वेगाने येणारा चेंडू आपल्या डोक्यावरून, कानाजवळून जाणार आहे आणि तो ठरल्या जागीच जाणार आहे, एवढ्या भरवशावर तो सर्व्हिसच्या आवाजासरशी झेप घेतो. मागचाही त्याच भरवशावर उलट बाजूला धावतो. दोघांपैकी एकजण अर्ध्या क्षणासाठी जरी बिचकला तरी निम्मं कोर्ट मोकळं पडतं आणि समोरच्याला तेवढं पुरतं.

भाऊ-भाऊ, बालमित्र, दहा-दहा वर्षं एकत्र खेळणारे यांच्यात हा भरवसा असावा, याचं नवल नाही. मला नवल वाटतं ते सोमवारी दुपारी भेटलेल्या आणि मंगळवारी सकाळी कोर्टवर उतरलेल्या दोघांचं. मध्यभागी येणारा चेंडू कोणाचा, हे ठरवायला वर्षं लागतात. मी स्वतः हौशी पातळीवर एका मित्राबरोबर फार काळ दुहेरी खेळलो आहे. तरी मधल्या चेंडूवर आम्ही पुतळ्यासारखे उभे राहायचो आणि मग, 'अरे, तुझा होता!' 'तू हललास म्हणून मी थांबलो ना.' हे संभाषण आमच्यात शेवटपर्यंत संपलं नाही. ही माणसं मात्र तो प्रश्न नाश्त्याच्या टेबलावर पाच मिनिटांत मिटवतात: फोरहँड ज्याचा मधे, चेंडू त्याचा, लॉब आला तर मागच्याने ओरडायचं, परतीचा फटका पायाशी, उगाच रेषेजवळून मारायचा नाही. आणि मग कोर्टवर खरोखरच तसं वागतात. अनोळखी माणसावर इतक्या लवकर विश्वास टाकता येणं, आणि तो पुरता टाकता येणं, हे मी त्यांच्या सर्व्हिस-व्हॉलीइतकंच मोठं कसब मानतो. क्रमवारीत त्याला गुण नाहीत.

पैशाबद्दल फार लिहायचं नव्हतं, पण टाळता येत नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, १५ हजार डॉलरच्या स्पर्धा. ही रक्कम एकेरी-दुहेरी मिळून पूर्ण स्पर्धेची. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीच्या हाती दोघांत मिळून हजार डॉलरही येत नाहीत. आठवडाभर खेळून, चार सामने जिंकून. त्यातून प्रवास, खोली, रॅकेटच्या तारा आणि कर. अगदी वर, २०२३ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ५५ हजार पाउंड मिळाले. पुरुष दुहेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीला दोघांत मिळून १४ हजारांपेक्षाही कमी. एकेरीला गर्दी होते, प्रायोजक एकेरीमुळे येतात, हा युक्तिवाद मला कळतो आणि तो खोटा नाही. पण गर्दी कुठून होणार? मोठ्या कोर्टवर दुहेरी लावायची ती दिवसाच्या शेवटी, लोक जेवायला उठल्यावर, आणि मग म्हणायचं की लोक बघत नाहीत.

२०२५ साली यूएस ओपनने मिश्र दुहेरीचं रूपच पालटलं. मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सोळा जोड्या, अंतिम सामना सोडून चार-चार गेमचे सेट, बहुतेक एकेरीतली मोठमोठी नावं आणि विजेत्यांना १० लाख डॉलर. दुहेरीच्या लोकांना एरवी वर्षाकाठी मिळणारा आधाराचा एक हप्ता त्यात गेला. आदल्या वर्षीचे विजेते, इटलीचे सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी, यांना वाइल्ड कार्डावर आत घेतलं. त्यांनी अंतिम फेरीत इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना हरवून चषक पुन्हा उचलला. तो सामना बघताना मला झालेला आनंद थोडा रागाचाही होता. स्टेडियम भरलेलं होतं, दिवे लागले होते, आणि दुहेरी म्हणजे काय हे त्या दोघांनी तिथे दाखवलं. पण इतर शेकडो जणांना ते दाखवायची संधीच नव्हती.

खालून वर आलेल्यांच्या गोष्टी मी साठवून ठेवतो. २०१२ चं विम्बल्डन. ब्रिटनचा जोनाथन मॅरे आणि डेन्मार्कचा फ्रेडरिक निल्सन. दोघांची बेरीज थेट प्रवेशाला पुरली नाही म्हणून वाइल्ड कार्डावर आले आणि उपांत्य फेरीत ब्रायन बंधूंना, अंतिम फेरीत लिंडस्टेट-टेकाऊ यांना पाच सेटमध्ये हरवून विजेते झाले. वाइल्ड कार्डावर विम्बल्डनची पुरुष दुहेरी जिंकणारी ती पहिली जोडी. १९३६ नंतर ती जिंकणारा मॅरे हा पहिला ब्रिटिश. पण मला त्यातलं नंतरचं जास्त आठवतं. वर्षअखेरच्या स्पर्धेत दोघं एकत्र खेळले, उपांत्य फेरीपर्यंत गेलेही. पण निल्सनला एकेरीत अजून काही करून दाखवायचं होतं. त्याचे आजोबा कुर्ट निल्सन १९५३ आणि १९५५ साली विम्बल्डनच्या एकेरीच्या अंतिम फेरीत खेळले होते. तो एकेरीकडे वळला आणि मॅरे नव्या जोडीदाराच्या शोधात निघाला. विम्बल्डन जिंकूनसुद्धा जोडी टिकली नाही! निल्सनचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आयुष्य त्याचं. मॅरेच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की मात्र गप्प व्हायला होतं.

आणि २०२४ चं विम्बल्डन. फिनलंडचा हॅरी हेलिओवारा हा दुखापतींनी बेजार होऊन काही वर्षं टेनिस सोडून गेला होता, हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरी करत होता. ब्रिटनचा हेन्री पॅटन एकेकाळी याच विम्बल्डनमध्ये कोर्टशेजारी बसून दुसऱ्यांच्या सामन्यांची आकडेवारी टिपण्याचं काम करायचा. हे दोघं त्याच वर्षीच्या एप्रिलपासून एकत्र खेळू लागले होते. बिनमानांकित जोडी. अंतिम फेरीत पर्सेल-थॉम्प्सन या ऑस्ट्रेलियन जोडीविरुद्ध पहिला सेट टायब्रेकवर गेला, तो हरले. दुसरा टायब्रेकवर, तो जिंकले. तिसराही टायब्रेकवर, ११-९. वाटेत तीन मॅच पॉइंट वाचवले. त्याच वर्षी कझाकस्तानातल्या अल्माटीला भारताच्या अर्जुन कढे आणि ऋत्विक बोल्लीपल्ली यांनी एटीपी पातळीवरचं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं, तेही सुपर टायब्रेक १४-१२ असा जिंकून. दोन पॉइंट इकडचे तिकडे झाले असते तर ती उपविजेत्यांची नोंद झाली असती आणि पुढच्या आठवड्याच्या यादीत ही नावं खूपच खाली दिसली असती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून अव्वल क्रमांकावर गेला, तेव्हा सगळ्यांनी त्याचं वय मोजलं. मला त्याच्याबरोबर इतक्या वर्षांत खेळून गेलेल्या जोडीदारांची लांबलचक रांग दिसली. त्यातल्या प्रत्येकाशी त्याने कधी ना कधी 'मधला चेंडू कोणाचा' हे ठरवलं असणार.

लोक विचारतात, एवढं सगळं सोसून शंभर-दीडशे क्रमांकावर ही माणसं टिकतात तरी का? एक उत्तर असं की दुहेरीत शरीर जास्त काळ साथ देतं, कोर्ट निम्मं वाटून घेतलेलं असतं, त्यामुळे पस्तिशी-चाळिशीपर्यंत आशा मरत नाही. दुसरं मला जास्त पटतं. एकेरीच्या खेळाडूला हरल्यावर एकट्याने कोर्टबाहेर जावं लागतं. यांना नाही. ज्याला एकदा या सोबतीची चव लागली, त्याला ती सुटणं अवघड. ती डबल फॉल्टनंतरची टाळी याच सोबतीतली होती, असं मी आता धरून चालतो. पुढच्या सोमवारी दोघं वेगळ्या ओळींत असणार होते म्हणून ती खोटी ठरत नाही. उलट, उद्याचा काहीही करार नसताना ती दिली गेली.

माझी एक साधी मागणी आहे. एटीपीने २०२४ पासून 'बेसलाइन' नावाची योजना प्रायोगिक म्हणून आणली. एकेरीत पहिल्या २५० मधल्यांना वर्षाच्या किमान उत्पन्नाची हमी: पहिल्या वर्षी, २०२४ मध्ये, पहिल्या शंभरात असाल तर ३ लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत ७५ हजार अशी ती होती. बक्षिसांची रक्कम त्याच्या खाली राहिली तर फरक एटीपी भरून देते. फार चांगली योजना आहे, आणि उशिराच आली. पण ती एकेरीपुरती आहे. दुहेरीत शंभराव्या क्रमांकावरचा माणूस तिच्या बाहेर. त्याला तीन लाखांची अपेक्षा नाही. सर्वांत खालच्या टप्प्याच्या निम्मी हमी दिली तरी चालेल. कारण जोड्या तुटतात त्या बहुतेकदा पहिल्या फेरीतल्या दोन-तीन पराभवांवर, आणि जोडी जमायला मात्र त्याहून बरेच पराभव लागतात. दोघा जणांना काही महिने एकत्र हरता यावं, भाड्याची आणि तिकिटांची चिंता न करता, एवढी सोय करणं त्या संघटनेला अशक्य नाही.